कोरं कोष्टक, जुनं इंजिन

एमजीबी ही छोटी उघडी स्पोर्ट्‌स कार इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात बनली. तिचं १७९८ सीसीचं इंजिन बीएमसी या ब्रिटिश मोटार कंपनीच्या बी-सिरीज घराण्यातलं. याच घराण्यातलं १४८९ सीसीचं इंजिन आपल्याकडे ॲम्बेसेडरने वर्षानुवर्षं ओढलं, त्यामुळे आपल्या जुन्या मेकॅनिकांना त्याची नस न् नस ठाऊक आहे. एमजीबीला बहुतेक काळ दोन एसयू कार्बोरेटर असत. ते उतरवून त्या जागी इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन बसवणारे मालक आज अनेक देशांत आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांच्या गाडीत डॅशबोर्डखाली इंजेक्शन सांभाळणाऱ्या संगणकाचा एकच डबा सापडतो : मेगास्क्वर्ट.

ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो या दोघा अमेरिकनांनी २००१ च्या सुमारास तो लोकांपुढे आणला. सर्किट बोर्ड आणि सुटे भाग घ्यायचे, घरी बसून सोल्डर करायचे, आणि लॅपटॉप जोडून इंजिनाशी बोलायला लागायचं. तोवर ही सोय मुख्यतः मोठ्या कंपन्यांकडे आणि रेसिंगवाल्यांकडे होती. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनची कल्पना मात्र बरीच जुनी. अमेरिकेतल्या बेंडिक्स कंपनीचं ‘इलेक्ट्रोजेक्टर’ १९५८ च्या क्रायस्लरच्या मोजक्या गाड्यांवर बसलं होतं. त्या काळच्या इलेक्ट्रॉनिक्सला ते पेललं नाही आणि त्यांतल्या बहुतेक गाड्यांना पुन्हा कार्बोरेटर लावावे लागले. पुढे बॉशने तीच दिशा धरली, आणि १९६७ मध्ये डी-जेट्रॉनिक फोक्सवागन १६०० वर आलं.

मेगास्क्वर्टबद्दल पहिल्यांदा समजून घ्यायचं ते हे, की त्याला तुमच्या इंजिनाबद्दल काहीही माहीत नसतं. नव्या गाडीच्या संगणकात कंपनीच्या इंजिनिअरांनी टेस्ट बेंचवर घालवलेले महिने भरलेले असतात. इथे कोष्टक कोरं येतं आणि ते मालकाने भरायचं असतं. आडव्या अक्षावर इंजिनाचे फेरे, उभ्या अक्षावर इनटेक मॅनिफोल्डमधला दाब, आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा : सिलिंडर आपल्या मापाच्या किती टक्के हवा प्रत्यक्षात भरून घेतो. नव्या मेगास्क्वर्टमध्ये अशा १६ गुणिले १६, म्हणजे २५६ चौकटी असतात.

एक चौकट उघडून पाहू. एमजीबीच्या एका सिलिंडरचं माप सुमारे ४५० सीसी. साध्या तापमानाला तेवढ्या जागेत सुमारे ०.५४ ग्रॅम हवा मावते. चौकटीत ८० असेल तर आत गेली ०.४३ ग्रॅम. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, म्हणून या हवेला पेट्रोल लागेल सुमारे २९ मिलिग्रॅम. मिनिटाला २०० सीसी पेट्रोल सोडणारा इंजेक्टर ते देण्यासाठी साधारण १२ मिलिसेकंद उघडा ठेवावा लागेल. त्यात इंजेक्टरला उघडायलाच लागणारा सुमारे एक मिलिसेकंद वेगळा मिळवायचा. बॅटरीचं व्होल्टेज उतरलं की तो वाढतो. फुल थ्रॉटलला हा एक मिलिसेकंद जाणवत नाही, पण आयडलिंगला सगळी मात्राच दोन-तीन मिलिसेकंदांची असते. हेडलाइट लावल्यावर गाडी स्लो स्पीडला गचके खायला लागली, तर आधी हाच आकडा तपासावा.

या गणितामुळे एसयू कार्बोरेटरबद्दल माझा आदर वाढतो. हवेच्या ओढीने पिस्टन वर उचलला जातो, त्याला लावलेली निमुळती सुई जेटमधून वर येते आणि पेट्रोलची वाट मोठी होते. त्या सुईचा निमुळतेपणा म्हणजे पितळात घडवलेलं एका ओळीचं कोष्टकच. पिस्टनच्या वरच्या डॅशपॉटमधलं तेल त्याला झटकन वर येऊ देत नाही, म्हणून ॲक्सिलरेटर दाबताच मिक्स्चर क्षणभर रिच, म्हणजे जास्त पेट्रोलचं, होतं. मेगास्क्वर्टमध्ये हेच काम आकड्यांनी बसवताना भलेभले घायकुतीला येतात. एसयूची मर्यादा एवढीच, की सुईला फक्त हवेचा एकूण ओघ कळतो. चढावर कमी फेऱ्यांनी पूर्ण जोर लावणारं इंजिन आणि सपाट रस्त्यावर अर्ध्या थ्रॉटलने पळणारं इंजिन यांतला फरक तिला कळत नाही. कोष्टकाला तो कळतो.

आकडे भरायला सायलेन्सरच्या पाइपात वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर बसवतात. क्रूझिंगला १४.७ किंवा त्याहून थोडं लीन, म्हणजे कमी पेट्रोलचं, पूर्ण जोराला साडेबारा ते तेरा, अशी लक्ष्यं ठेवून गाडी चालवायची. सॉफ्टवेअर चौकटी आपणहून सुधारत जातं. पण डोळे झाकून विश्वास इथेच नडतो. एखादा सिलिंडर मिसिंग मारत असेल तर न जळलेला ऑक्सिजन बाहेर पडतो आणि सेन्सर ‘लीन’ सांगतो. सॉफ्टवेअर पेट्रोल वाढवतं, प्लग काळे पडतात, मिसिंग आणखी वाढतं. एग्झॉस्टच्या गॅसकेटमधून बाहेरची हवा शिरली तरी तीच गत. म्हणून टॅपेट, प्लग, टायमिंग आणि गळती हे सगळं लॅपटॉप उघडण्याआधी आटोपलेलं असायला हवं. ज्याला हे येत नाही, त्याने इंजेक्शनच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

बी-सिरीजची एक अडचण मात्र जन्माची आहे. चार सिलिंडरांना इनटेक पोर्ट दोनच, त्यामुळे शेजारचे दोन सिलिंडर एकाच तोंडातून श्वास घेतात आणि एकाचं पेट्रोल दुसरा पळवतो. इंजेक्टर पोर्टपाशी ठेवले तर कोणाच्या वाट्याला केव्हा फवारायचं याची वेळ फार काटेकोर सांभाळावी लागते. त्यापेक्षा कार्बोरेटरच्याच जागी थ्रॉटल बॉडीत इंजेक्टर बसवणं मला शहाणपणाचं वाटतं. हवा-पेट्रोल पोर्टपर्यंत पोचेतो मिसळलेलं असतं.

सगळ्यात चिवट काम कोल्ड स्टार्टचं. थंड धातूवर पेट्रोलची वाफ होत नाही, ते पोर्टच्या भिंतीला चिकटून राहतं. सेल्फ मारताना किती द्यायचं, इंजिन पकडल्यावर ते किती वेगाने कमी करायचं, प्रत्येक तापमानाला किती जादा ठेवायचं हे सगळं वेगवेगळं ठरवावं लागतं. आणि इंजिन एकदा गरम झालं की पुढचा प्रयोग दुसऱ्या दिवशी सकाळी. उन्हाळ्यात बसवलेले आकडे थंडीत पुन्हा तपासावे लागतात, त्यामुळे हे काम एका ऋतूत संपतच नाही.

सुरक्षेबाबत तडजोड नको. मूळ पंपाचा दाब जेमतेम ०.२ बार, इंजेक्शनचा सुमारे ३ बार. शिवाय या इंजिनात इनटेक आणि एग्झॉस्ट एकाच बाजूला, म्हणजे सैल जोडातून उडालेलं पेट्रोल थेट तापलेल्या मॅनिफोल्डवर. नळ्या उच्च दाबाच्याच हव्यात आणि धडक बसताच पंप बंद करणारा स्विचही हवा. १९६७ च्या आधीची एमजीबी असेल तर तिची वायरिंग पॉझिटिव्ह अर्थची, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेली; तीही आधी उलटवून घ्यावी लागते.

मूळ गाडी बिघडवली, असा आक्षेप जुन्या गाड्यांचे शौकीन घेतात, आणि तो रास्त आहे. भारतात तर २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद हवी असेल, तर ती मूळ रूपातच असावी लागते. म्हणून हेडला नवं भोक न पाडता, एकही वायर न कापता, दोन दिवसांत एसयू परत चढवता येतील अशीच जोडणी करावी.

तरीही इथल्या पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून इंजेक्शनचा मुद्दा वजनदार झाला आहे. त्या मिश्रणाला हवा १४.७ ऐवजी साधारण साडेतेरा पटच लागते, म्हणजे जुन्या सेटिंगवर इंजिन लीन चालतं. एसयूवाल्याला जेट खाली उतरवावा लागतो, कधी सुईच बदलावी लागते. मेगास्क्वर्टवाला एकाच आकड्यात सात-आठ टक्के वाढवतो आणि वाइडबँडचा काटा पाहत एक फेरी मारून येतो.