सहा हातांचे अंतर

मांडवात दिवसभर परस्परांशी अबोला धरून बसलेले दोन व्याही, एका परिचिताच्या घरी पाहिलेल्या त्याच लग्नाच्या चित्रफितीत मात्र खांद्याला खांदा लावून प्रसन्नपणे हसताना दिसले, तेव्हा ही किमया करणारा इसम आहे तरी कोण, या कुतूहलाने मी बुऱ्हाणपुरात बुधवाऱ्यातील त्याच्या दुकानाचा जिना चढलो.

"काका, दोघांत सहा हात अंतर होतं," असे म्हणून त्याने मूळ चित्रणच काढून दाखवले. मांडवाच्या पार दुसऱ्या टोकाला उभे राहून, एक व्याही पुढे आणि दुसरा त्याच्या किंचित मागे येईल असा कोन साधून, त्याने लांबचे भिंग लावले होते. तिथून पाहता मधले सहा हात आकसून वीतभर उरतात. एक जण बँडवाल्याला हसत होता, दुसरा कशाला ते परमेश्वर जाणे! समेट झाला तो निव्वळ चौकटीत, आणि तो मला काही केल्या पसंत पडेना.

त्या दिवशी दुसऱ्याच एका लग्नाचे काम चालू होते. निवड, जोडणी, संगीत हे सारे यथाक्रम उरकत असता पडद्याच्या डाव्या कडेला नऊवारीतल्या एक आत्याबाई वारंवार येत आणि थेट भिंगात पाहत. तो त्यांना तितक्याच तत्परतेने छाटी. वधू आईला बिलगलेली, आणि मागे आत्याबाईंचे ते रोखलेले, काहीसे जाब विचारणारे डोळे. "त्या अशा बघतात ना, की पाहणाऱ्याला वाटतं आपणच पकडले गेलो," तो म्हणाला.

मग त्यात वावगे काय? फाळक्यांच्या १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्र'त पात्रे रंगभूमीच्या रिवाजाप्रमाणे बहुतांशी प्रेक्षकांना सामोरीच उभी असतात. आणि नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'च्या (२०१३) अखेरीस जब्याने भिरकावलेला दगड सरळ आपल्यावर येतो, कारण तोवर डुकराच्या पाठलागाची मौज पाहणाऱ्या गावकऱ्यांत आपणही बिनबोभाट सामील झालेले असतो.

व्याह्यांमधले सहा हात लपवणाऱ्या कसबापेक्षा आत्याबाईंची नजर मला अधिक सच्ची वाटली, आणि तसे मी बोलूनही दाखवले. त्यावर त्याने पैसे मोजणाऱ्यांची फर्माईश पुढे केली, तीही गैरवाजवी म्हणता येईना. तडजोड म्हणून आत्याबाई तीन तासांच्या मोठ्या चित्रफितीत राहिल्या. जावईबापूंच्या मोबाइलवरून गावभर फिरणार आहे ती तीन मिनिटांची. तीत त्या नाहीत.