नेटवर्कची वाटणी आणि सामाईक विहीर

समजा, तुम्ही विद्यापीठात नेटवर्किंगवर संशोधन करताय. पॅकेटना वाट दाखवण्याची एक नवी पद्धत तुम्हाला सुचली आहे. सिम्युलेटरवर ती छान चालते, प्रयोगशाळेत मांडलेल्या पाच मशीनवरही चालते. पण सकाळी नऊ वाजता पाचशे माणसं एकदम लॅपटॉप उघडतात तेव्हा तिचं काय होईल? ते कळायला खरं नेटवर्क हवं आणि खरी माणसं हवीत. तुम्ही नेटवर्क सांभाळणाऱ्याकडे जाता. तो काय म्हणणार हे तुम्हालाही ठाऊक आहे. त्याच तारांवरून सगळ्यांची ईमेल जाते, फोन चालतात, पगाराची कामं होतात. तुमच्या प्रयोगापायी तो हे सगळं पणाला का लावेल?

या अडचणीवरचं एक उत्तर २०१० मध्ये ओएसडीआय परिषदेत मांडलं गेलं. रॉब शेरवुड आणि सहकाऱ्यांच्या त्या निबंधाचं शीर्षकच एक प्रश्न होतं: चालतं नेटवर्क हीच प्रयोगशाळा होऊ शकेल का? लेखकांच्या यादीत स्टॅनफर्डचे निक मॅककिऑन आहेत, मार्टिन कसाडो आहेत, आणि शेवटी गुरु पारुळकर हे नावही आहे. (आडनावापाशी तुमची नजर थबकली असेल. माझीही थबकली होती.) त्यांनी बनवलेल्या सॉफ्टवेअरचं नाव फ्लोव्हायजर.

ते कळण्याआधी स्विचच्या पोटात डोकवावं लागेल. नेहमीच्या स्विचमध्ये दोन कामं एकत्र असतात. कुठलं पॅकेट कुठे जाणार हे ठरवणं, आणि ठरल्याप्रमाणे ते भराभर पुढे ढकलणं. स्टॅनफर्डमधून २००८ मध्ये पुढे आलेल्या ओपनफ्लोने ही कामं वेगळी केली. ढकलण्याचं काम स्विचकडेच राहिलं, ठरवण्याचं काम दूरच्या संगणकावर चालणाऱ्या कंट्रोलरकडे गेलं. स्विचकडे फक्त नियमांचा एक तक्ता उरला: या पत्त्याचं, या पोर्टचं पॅकेट आलं तर असं कर. तक्त्यात न बसणारं पॅकेट आलं की स्विच कंट्रोलरला विचारतो, आणि कंट्रोलर नवा नियम लिहून पाठवतो. यालाच सॉफ्टवेअर-डिफाइंड नेटवर्क म्हणतात.

आता कंट्रोलर एकच असेल तर आपला प्रश्न तसाच राहतो. त्यात तुमचा प्रायोगिक कोड घातला आणि तो चुकला, तर सगळ्यांचं नेटवर्क बसलं. फ्लोव्हायजरची युक्ती अशी की तो कंट्रोलर आणि स्विच यांच्या मधोमध बसतो. स्विचला वाटतं हाच आपला कंट्रोलर. वर मात्र चार कंट्रोलर असू शकतात, आणि त्या प्रत्येकाला वाटतं की आपण थेट स्विचशी बोलतोय.

मग कुठलं पॅकेट कोणाचं? इथे मला सातबारा आठवतो. पॅकेटच्या माथ्यावर बरीच माहिती असते: कुठल्या पोर्टमधून आलं, पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता, व्हीलॅन वगैरे. ओपनफ्लो १.० मध्ये अशी १२ खाणी होती. या सगळ्या खाण्यांच्या मिळून होणाऱ्या अवकाशाला निबंधात फ्लोस्पेस म्हटलंय. त्यातला कुठला तुकडा कुठल्या स्लाईसच्या मालकीचा, याची नोंद फ्लोव्हायजर ठेवतो. उदाहरणार्थ, ज्या विद्यार्थ्यांनी आपणहून नाव नोंदवलंय त्यांची पोर्ट ८० वरची वेब रहदारी तुमच्या स्लाईसची, बाकी सगळं नेहमीच्या नेटवर्कचं. तुमच्या कंट्रोलरने 'सगळी पॅकेट तिसऱ्या पोर्टवर पाठव' असा बेधडक हुकूम सोडला, तर फ्लोव्हायजर तो कापून तुमच्या हद्दीपुरता करतो आणि मगच स्विचला देतो. 'सगळ्या पोर्टवर पाठव' म्हटलंत, तर 'सगळ्या' या शब्दात तुमच्या वाट्याचेच पोर्ट येतात. हद्दीबाहेरचं काही मागितलंत तर सरळ एरर. एखाद्याला फक्त बघण्यापुरता हक्कही देता येतो. त्याने रहदारी पाहावी, नियम मात्र लिहू नये.

इथपर्यंत कागदावरची वाटणी झाली. पण शेतीची वाटणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना माहीत आहे की बांध घालणं सोपं असतं. भांडण होतं ते विहिरीवरून. जमीन चौघांत वाटली तरी विहीर सामाईकच राहते, आणि एकाने रात्रभर मोटर चालू ठेवली की उरलेल्या तिघांचे सातबारे कितीही स्वच्छ असले तरी त्यांचा ऊस वाळतो.

स्विचमधली सगळ्यात वरवर दिसणारी विहीर म्हणजे लिंकची क्षमता. तेव्हाच्या ओपनफ्लोमध्ये 'या स्लाईसला इतकी क्षमता दे' असं सांगायची सोयच नव्हती. म्हणून त्यांनी व्हीलॅनच्या माथ्यावरचे प्राधान्याचे तीन बिट वापरले. तीन बिट म्हणजे आठ रांगा. प्रत्येक स्लाईसची पॅकेट आपापल्या रांगेत लावायची आणि रांगेला किमान वाटा बांधून द्यायचा. जुगाडच म्हणायचा, पण फरक बघा. एका स्लाईसमध्ये सभ्य टीसीपी, जो गर्दी दिसली की मागे सरतो. दुसऱ्यात आडदांड रहदारी, जी एकाच वेगाने ओतत राहते. वाटणी बंद असताना टीसीपीच्या हाती लिंकचा १.२ टक्का आला. त्याला ७० टक्के बांधून दिल्यावर सुमारे ६४ टक्के मिळाले. कबूल केल्यापेक्षा कमीच, पण उपासमार टळली.

खरी गंमत, किंवा खरा त्रास, दुसऱ्या विहिरीत आहे. ती सहसा कुणाच्या लक्षातच येत नाही. स्विचमधली पॅकेट ढकलणारी चिप अतिशय वेगवान असते, पण तिच्या शेजारी बसलेला सीपीयू अगदीच साधा असतो. त्याला एरवी फारसं काम नसायचं. ओपनफ्लोमध्ये मात्र प्रत्येक अनोळखी पॅकेटची चौकशी त्याच्यामार्फत कंट्रोलरकडे जाते, आणि कंट्रोलरचे प्रत्येक हुकूमही तोच उतरवून घेतो. म्हणजे तुमच्या स्लाईसमध्ये नव्या जोडण्यांचा पूर आला, तर लिंक रिकामी असूनही सीपीयू गुदमरतो. मग तो कंट्रोलरच्या 'आहेस का रे?' या हाकेलाही ओ देत नाही. आणि हाक मारणारा काही तुम्ही एकटेच नसता. शेजारच्या स्लाईसच्या कंट्रोलरलाही वाटतं की स्विच मेला.

यावर फ्लोव्हायजरने पाळ्या लावल्या. एखाद्या स्लाईसकडून ठरल्यापेक्षा जास्त वेगाने नव्या चौकश्या यायला लागल्या, की तो स्विचमध्ये एक तात्पुरता नियम टाकतो: या प्रकारची पॅकेट थोडा वेळ टाकून दे. कंट्रोलरच्या हुकुमांनाही वेगाची मर्यादा. नियमांच्या तक्त्यातल्या जागाही मोजून, कारण त्या तक्त्याची मेमरी महाग आणि मोजकी असते. या मध्यस्थीची किंमत म्हणजे नव्या प्रवाहाच्या पहिल्या पॅकेटला सरासरी १६ मिलिसेकंदांचा उशीर. एकदा नियम बसला की पुढची पॅकेट चिपमधूनच जातात, त्यांना काही जाणवत नाही.

स्टॅनफर्डमध्ये हे रोजच्या वापरातल्या नेटवर्कवर चाललं. पण एक मर्यादा राहिली. दोन स्लाईसना तेच आयपी पत्ते हवे असतील तर जमत नव्हतं, कारण सगळ्यांचा सातबारा एकाच गावचा. २०१४ च्या ओपनव्हर्टेक्सने पत्तेही आभासी केले. प्रत्येक भाडेकरूला स्वतःचा पूर्ण पत्त्यांचा संच आणि हवा तसा नकाशा.

आज 'स्लाईसिंग' हा शब्द तुमच्या कानावर येतो तो ५जीच्या जाहिरातींतून. तिथली यंत्रणा वेगळी आहे, पण प्रश्न तोच. ५जीच्या मानकात प्रत्येक स्लाईसला आठ बिटांचा प्रकार असतो: १ म्हणजे वेगवान डेटा, २ म्हणजे अतिविश्वासार्ह आणि झटपट, ३ म्हणजे मीटर-सेन्सरसारख्या असंख्य छोट्या वस्तू. एकच फोन एका वेळी आठ स्लाईसपर्यंत वापरू शकतो. अग्निशमन दलाला किंवा रुग्णवाहिकेला वेगळी स्लाईस, हे ऐकायला दिलासादायक वाटतं. पण अपघाताच्या ठिकाणी जमलेले दोनशे लोक व्हिडिओ काढत असतात, आणि ते आणि रुग्णवाहिका एकाच टॉवरच्या रेडिओलहरी वापरत असतात. गाभ्यातले सर्व्हर वेगळे करता येतात, वाढवता येतात. त्या टॉवरच्या लहरी तेवढ्याच राहतात. इथली विहीर ती.

तिच्या पाळ्याही मानकात आहेत. रेडिओचा किती टक्के भाग एखाद्या स्लाईससाठी पूर्ण राखीव, किती टक्के किमान आणि किती टक्के कमाल, असे तीन आकडे मोबाईल कंपनीला भरता येतात. राखीव भाग मोकळा असला तरी दुसऱ्या कुणाला मिळत नाही, म्हणून तो आकडा फार वाढवणं कंपनीला परवडत नाही. किमान भाग मोकळा असेल तेव्हा इतरांना वापरता येतो, आणि मालकाला गरज पडली की परत द्यावा लागतो. रुग्णवाहिकेच्या स्लाईसपुढे यांतले कुठले आकडे भरलेत, हे तुमच्या-माझ्या फोनवर कुठेच दिसत नाही.