भोपाळ : एका विसरलेल्या राज्याच्या राजधानीत तीन महिने

बाळंतपणासाठी लेकीने माहेरी यावे, ही आपल्याकडची रीत. परंतु लेक आणि जावई दोघेही भोपाळला नोकरीत, शिवाय प्रवासाची दगदग नको असे डॉक्टरांचे मत पडले. तेव्हा गेल्या हिवाळ्यात माहेरच तिच्याकडे गेले. वास्कोहून गोवा एक्स्प्रेसने निघाले, दुसऱ्या दिवशी इटारसी सोडल्यावर नर्मदेचा पूल ओलांडला आणि भोपाळला उतरले. साकेत नगरात त्यांचे घर. पुढे तीन महिने माझा मुक्काम तेथेच होता.

निघण्यापूर्वी शेजारीपाजारी, नातेवाईक ज्यांना ज्यांना सांगितले, त्यांतील बहुतेकांच्या तोंडून एकच शब्द निघाला : ‘गॅस’. १९८४ च्या डिसेंबरमधील २ आणि ३ तारखांमधल्या त्या रात्रीपलीकडे भोपाळविषयी आपणांस फारसे ठाऊक नसते. खरे सांगायचे तर मलाही नव्हते. गोव्याबाहेर गेल्यावर ‘गोवा म्हणजे समुद्रकिनारे आणि दारू’ एवढ्यावरच आपली बोळवण होते, तेव्हा आपल्याला राग येतो. भोपाळच्या बाबतीत आपणही तेच करीत आलो आहोत, हे तेथे राहिल्यावर ध्यानी आले. एके काळी भोपाळ हे नुसते शहर नव्हते. ती एका लहान राज्याची राजधानी होती. ते राज्य कसे उभे राहिले, कोणी चालविले आणि कसे विलीन झाले, हे गोव्यातील वाचकांना आपलेसे वाटावे असे आहे.

साकेत नगर ते जुने शहर

साकेत नगर हे भोपाळच्या आग्नेयेकडचे नवे उपनगर. १९५६ साली येथे अवजड विद्युत उपकरणांचा सरकारी कारखाना स्थापन झाला, तोच आजचा ‘भेल’. त्याच्या वसाहतीमुळे देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे आली आणि आसपास वस्त्या वाढत गेल्या. २०१२ पासून एम्स ही मोठी वैद्यकीय संस्था येथे सुरू झाली. त्यामुळे सकाळी रस्त्यावर डॉक्टरकीचे विद्यार्थी, दूरच्या जिल्ह्यांतून आलेले रुग्ण आणि त्यांचे नातलग यांचीच वर्दळ अधिक. कोपऱ्यावरच्या गाडीवर पोह्यांवर शेव आणि सोबत गरम जिलेबी असा नाश्ता मिळतो. दिवाळीला पाच प्रकारचे फोव करणाऱ्या आपल्या घरांतील माणसाला पोह्यांशी जिलेबीची ही जोडी प्रथम विचित्र वाटते. आठवड्याभराने मात्र तिच्यावाचून सकाळ झाल्यासारखी वाटत नाही.

जवळच बरकतउल्ला विद्यापीठ आहे. हे बरकतउल्ला कोण, असे मी जावयांना विचारले आणि माझ्या शोधाचा आरंभ तेथे झाला. भोपाळात जन्मलेले मौलवी बरकतउल्ला हे क्रांतिकारक. १९१५ साली काबूलमध्ये राजा महेंद्र प्रताप यांच्या अध्यक्षतेखाली भारताचे जे हंगामी सरकार स्थापन झाले, त्याचे ते पंतप्रधान होते. इतक्या मोठ्या माणसाचे नावही आपण ऐकलेले नसावे, याची खंत वाटली. मग दुपारी लेक झोपली, की जुन्या शहराच्या बाजूला एखादी फेरी मारायची, असा क्रम ठरला.

जुन्या शहरातील इतवारा, सोमवारा, मंगळवारा, बुधवारा, जुमेराती ही वस्त्यांची नावे ऐकून पुण्याच्या पेठा आठवतात आणि म्हापशाचा शुक्रवारचा बाजारही. अरुंद गल्ल्या, जरीकाम केलेले बटवे, चिमूटभर मीठ घातलेला चहा आणि ‘को खां’ म्हणून हाक मारणारी भोपाळी उर्दू. साकेत नगरातून येथे यायला अर्धा-पाऊण तास लागतो, पण आपण वेगळ्याच राज्यात आल्याचा भास होतो. आणि तो भास खोटा नाही.

राज्य कसे उभे राहिले

भोपाळचा मोठा तलाव अकराव्या शतकात राजा भोजाने बांधला, असे परंपरा सांगते. कोलांस नदीला मातीचा बांध घालून तो तयार झाला. त्या परिसरात पुढे गोंडांची सत्ता होती. अठराव्या शतकाच्या आरंभी मोगल सैन्यातील दोस्त मोहम्मद खान हा अफगाण सरदार माळव्यात स्थिरावला. गोंड राणी कमलापती हिने त्याचे साहाय्य घेतले आणि तिच्या पश्चात तो मुलूख त्याच्या हाती आला. राणीचा महाल तलावाच्या काठी आजही उभा आहे. पूर्वीच्या हबीबगंज स्थानकाला २०२१ साली तिचेच नाव देण्यात आले.

हे राज्य दोन मोठ्या सत्तांच्या कात्रीत सापडलेले होते. १७३७ च्या डिसेंबरात बाजीराव पेशव्यांनी निजामाला भोपाळजवळच कोंडीत पकडले आणि १७३८ च्या जानेवारीत दुराहा येथील तहाने माळवा मराठ्यांकडे आला. त्याच सुमारास चिमाजी अप्पा वसईकडे पोर्तुगिजांशी झुंजत होते, हे लक्षात घेतले म्हणजे गोव्याच्या आणि भोपाळच्या इतिहासाचे धागे किती जवळून जातात ते कळते. १८१२-१३ मध्ये शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या सैन्यांनी भोपाळला कित्येक महिने वेढा घातला. वझीर मोहम्मद खानाने शहर पडू दिले नाही. मराठी माणूस आपला इतिहास वाचतो तेव्हा तटाच्या बाहेरून वाचतो. तोच इतिहास तटाच्या आतून, उपासमार सोसणाऱ्यांच्या बाजूने ऐकणे हा वेगळाच अनुभव होता.

शेवटी १८१८ साली भोपाळने ईस्ट इंडिया कंपनीशी तह केला. राज्य टिकले, परंतु स्वतंत्र परराष्ट्र धोरण गेले. लहान राज्याला अस्तित्वासाठी द्यावी लागणारी ही किंमत होती.

चार बेगमांचे शतक

तहानंतर वर्ष-दीड वर्षातच तरुण नवाब नझर मोहम्मद खान पिस्तुलाची गोळी लागून मरण पावला. मागे राहिली जेमतेम विशीतील पत्नी कुदसिया बेगम आणि तान्ही मुलगी. दरबारातील पुरुष गादीवर हक्क सांगू लागले. कुदसियाने आपली मुलगीच वारस असल्याचे ठणकावून सांगितले आणि कारभार हाती घेतला. तेथून आईकडून मुलीकडे जाणाऱ्या सत्तेची परंपरा सुरू झाली.

१८१९ ते १९२६ या काळात, मधली सात वर्षे वगळता, भोपाळवर स्त्रियांनी राज्य केले : कुदसिया, सिकंदर, शाहजहान आणि सुलतान जहान. सिकंदर बेगम यांनी प्रथम मुलीच्या वतीने कारभार पाहिला. १८६० मध्ये ब्रिटिशांनी त्यांना स्वतःच्या हक्काने राज्यकर्ती म्हणून मान्यता दिली. त्यांनी मोती मशीद बांधली, हजयात्रा केली आणि तिचे वर्णनही लिहिले. शाहजहान बेगम यांनी ताज-उल-मसाजिद या भव्य मशिदीचे काम आरंभले. ते अपुरे राहिले, १९७१ मध्ये पुन्हा हाती घेतले गेले आणि १९८५ मध्ये पूर्ण झाले. इंग्लंडमधील वोकिंग येथे १८८९ साली उभी राहिलेली मशीदही त्यांच्याच देणगीतून झाली. सुलतान जहान बेगम १९२० मध्ये अलिगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती झाल्या. सांची त्या वेळी भोपाळ राज्यात होते; जॉन मार्शल यांनी तेथील स्तूपांचे जे जतनकार्य केले, त्याला या राज्याने आर्थिक पाठबळ दिले.

हे सारे गुणगान म्हणून सांगायचे नाही. १८५७ मध्ये सिकंदर बेगम कंपनीच्या बाजूने राहिल्या. सिहोर छावणीतील शिपायांनी मात्र बंड पुकारले, आणि पुढल्या जानेवारीत ह्यू रोझच्या सैन्याने त्यांतील कित्येकांना गोळ्या घातल्या. राज्य वाचले, पण त्याचे मोल शिपायांनी चुकविले. तरीही मुलीला गादीचा वारस मानण्याचा आग्रह एका विशीतल्या विधवेने धरावा आणि तो शंभर वर्षे टिकावा, ही गोष्ट आपल्या शाळेच्या पुस्तकांत असायला हवी होती.

‘विलीनीकरण’ : एक शब्द, दोन अर्थ

गोव्यात ‘विलीनीकरण’ हा शब्द उच्चारला, की १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल आठवतो. गोव्याने महाराष्ट्रात सामील व्हावे की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहावे, हा तो प्रश्न होता. भोपाळात हाच शब्द वेगळ्या प्रश्नासाठी वापरला जातो : भारतात सामील व्हायचे की नाही.

सुमारे १८ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या जवळपास पाचपट क्षेत्रफळाचे हे राज्य. १९४१ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या आठ लाखांहूनही कमी होती. अखेरचे नवाब हमीदुल्ला खान हे नरेंद्र मंडळाचे कुलपती राहिलेले, राजकारणात मुरलेले गृहस्थ. भोपाळ स्वतंत्र राहावे, अशी त्यांची इच्छा होती. १९४७ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी सामीलनाम्यावर सही केली, परंतु अंतर्गत कारभार आपल्याकडेच ठेवला. देश स्वतंत्र झाला तरी भोपाळच्या प्रजेवर राज्य नवाबांचेच होते.

म्हणून लोकांनी आंदोलन केले. भाई रतन कुमार यांचे ‘नई राह’ हे वृत्तपत्र त्याचे मुखपत्र बनले. शंकर दयाळ शर्मा तुरुंगात गेले. हेच पुढे भोपाळ राज्याचे मुख्यमंत्री आणि १९९२ मध्ये भारताचे राष्ट्रपती झाले. १४ जानेवारी १९४९ रोजी, ऐन संक्रांतीच्या यात्रेत, नर्मदेकाठच्या बोरास गावी तिरंगा फडकविणाऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. चार तरुण हुतात्मे झाले. अखेर ३० एप्रिलला करार होऊन १ जून १९४९ रोजी भोपाळचा कारभार भारत सरकारने हाती घेतला. संक्रांतीला लेकीच्या घरी तिळगूळ वाटताना शेजारच्या वृद्ध गृहस्थांनी बोरासची हकिकत सांगितली. मला १५ ऑगस्ट १९५५ चा गोव्याच्या सीमेवरचा सत्याग्रह आठवला. देश स्वतंत्र झाल्यानंतरही स्वातंत्र्यासाठी गोळ्या झेलाव्या लागलेले आपण एकटेच नव्हतो.

पुढील सात वर्षे भोपाळ हे भारतातील एक लहान वेगळे राज्य होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते नव्या मध्य प्रदेशात मिसळले. भोपाळ शहर मोठ्या राज्याची राजधानी झाले. भोपाळ राज्य नकाशावरून पुसले गेले. गोव्याने वेगळी वाट धरली आणि ३० मे १९८७ रोजी घटक राज्याचा दर्जा मिळविला. कोणती वाट बरी, याचा निवाडा येथे करायचा नाही. मोठ्यात मिसळल्याने भोपाळला कारखाने, विद्यापीठे, मंत्रालये लाभली. मात्र आपली स्वतंत्र कहाणी सांगणारी संस्था त्याच्याजवळ उरली नाही. ती पोकळी १९८४ च्या एका रात्रीने भरून काढली आणि जगाने तीच भोपाळची ओळख मानली.

मांडवीकाठचा माणूस तलावाकाठी

मोठ्या तलावाच्या उतारावर भारत भवन आहे. १९८२ साली सुरू झालेले हे कलाकेंद्र रस्त्यावरून जवळजवळ दिसतच नाही. पायऱ्या आणि अंगणे उतरत उतरत ते पाण्यापर्यंत जाते. तेथे पाऊल ठेवताच ओळखीचे काहीतरी जाणवले. त्याचे शिल्पकार चार्ल्स कोरिया, मुळचे गोमंतकीय. पणजीची कला अकादमीही त्यांचीच रचना. मध्य प्रदेशाचे विधान भवनही त्यांनीच उभारले. मांडवीकाठी आणि तलावाकाठी एकाच हाताने पाण्याचा मान राखला आहे, हे पाहून उर भरून आला.

मराठी माणसाचा ठसा आणखीही एका जागी आहे. साकेत नगरहून नर्मदापुरम् मार्गाने तासाभरावर भीमबेटका. तेथील आदिमानवाची शैलचित्रे १९५७ मध्ये विष्णू श्रीधर वाकणकर यांनी प्रकाशात आणली. आज ते जागतिक वारसास्थळ आहे.

३ डिसेंबरच्या सकाळी शहरात सर्वधर्म प्रार्थनासभा होते. मी त्या दिवशी घरीच होते. दूधवाला, भाजीवाली, खालच्या मजल्यावरच्या आजी, प्रत्येकाजवळ त्या रात्रीची एक आठवण होती. ती रात्र विसरावी, असे कोणीही म्हणत नाही. विसरताही कामा नये. परंतु हीच माणसे तलावाविषयी, बेगमांविषयी, बोरासविषयीही तितक्याच आपुलकीने बोलतात. विचारणारा मात्र हवा.

जानेवारीच्या अखेरीस मी परतले. नात झाली आहे. तिच्या जन्मदाखल्यावर जन्मस्थान म्हणून ‘भोपाळ’ लिहिलेले आहे. उद्या गोव्यातल्या शाळेत कोणी तिला ‘तू त्या गॅसच्या गावची का?’ असे विचारील. तेव्हा तिने सांगावे, की होय, आणि त्याच गावात मुलीला गादी मिळावी म्हणून एक आई भांडली होती. ते सांगण्यासाठी ही माहिती तिच्या हाताशी असावी, एवढ्यासाठीच हे टिपून ठेवले.