घासणारे टायर आणि मालाचे ओझे

बोरी अरबसारख्या गावातील कापडाचा धंदा चाकांवर चालतो. यवतमाळ, दारव्हा, दिग्रसच्या बाजारात माल न्यायचा तर छोटी मालगाडी लागतेच. आपले व्यापारी बांधव डिझेल आणि हमालीचा हिशेब पैशापैशाने ठेवतात. पण गाडी खड्ड्यात आदळली की मागून येणारा ‘खर्र’ आवाज हिशेबात धरत नाहीत. टायर मडगार्डच्या आतल्या पत्र्याला घासल्याचा तो आवाज असतो. पत्र्याची कड टायर कापते. भरल्या गाडीचे टायर रस्त्यात फुटले तर माल जातोच, ड्रायव्हरच्या जिवावरही बेतते.

आम्ही कापड मोजणारे लोक. सुरुवात मापानेच करावी. सपाट जागेवर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर आधी रिकाम्या, मग भरल्या गाडीचे घ्यावे. एकच बाजू जास्त बसत असेल तर तिकडचा पाटा तुटला किंवा थकला असावा. चाक पुढे-मागे सरकलेले दिसले तर सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट तपासावेत. दोन्ही बाजू सारख्याच बसत असतील तर पाट्यांची कमान उतरली आहे, नाहीतर वजन जास्त आहे.

शॉकअप बदलला की गाडी उचलते, हा गैरसमज आहे. साधा शॉकअप वजन पेलत नाही, पाट्याची उसळी आवरतो. टायर पत्र्याला लागण्याआधी ॲक्सल थोपवण्याचे काम बंप रबराचे. ते झिजले असेल तर आधी तेच बदलावे. खर्च थोडा आहे.

मोठे टायर घालण्याचा मोहही टाळावा. 14 इंची रिमवर 165/80 ऐवजी 175/80 घातले तर टायर वर 8 मिलिमीटर आणि दोन्ही बाजूंना 5-5 मिलिमीटर वाढते. तेवढी जागा घटली.

जादा पाटा घातल्याने गाडी उंच दिसते, पण टायर, ब्रेक आणि ॲक्सलची ताकद वाढत नाही, आणि आरसी बुकातले मंजूर वजनही वाढत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा वजनाला 20,000 रुपये आणि वर दर जादा टनामागे 2,000 रुपये दंड आहे. म्हणून पाटे कंपनीच्या मापाचेच, दोन्ही बाजूंना जोडीने बसवावेत. जड गाठी ॲक्सलच्या पुढे ठेवाव्यात. शेवटच्या फळीशी रचलेला माल मागचे पाटे जास्त दाबतो.

काम झाल्यावर मडगार्डच्या आतून शिंप्याचा खडू फासावा. गाडी भरून, सावकाश, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून खाचखळग्यांतून न्यावी. जिथला खडू पुसला, तिथे टायर लागते. खडू शाबूत राहिला तर काम ठीक झाले. पुसला असेल तर गॅरेजवाल्याला ती खूण दाखवूनच पैसे चुकते करावेत.