‘मला अनुभव आलाय’ हा पुरावा मानायचा का?

21 सप्टेंबर 1995. गणपती दूध पितोय ही बातमी दिल्लीतून निघाली आणि त्याच दिवशी देशभर, अगदी लंडनपर्यंत पोहोचली. तेव्हा व्हॉट्सॲप नव्हतं, तरीही! देवळांबाहेर रांगा लागल्या. चमचा सोंडेला लावला की दूध कमी होताना लोकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागातल्या शास्त्रज्ञांनी मग दुधात रंग मिसळून पाहिला. दूध मूर्तीच्या पोटात जात नव्हतं. पृष्ठताणामुळे ते चमच्यातून ओढलं जात होतं आणि पातळ थर होऊन मूर्तीवरून खाली ओघळत होतं. रंगामुळे तो ओघळ दिसला, एवढंच.

मग रांगेतले लोक खोटं बोलत होते का? अजिबात नाही. चमच्यातलं दूध कमी झालं, हे खरंच होतं. ते गणपतीने प्यायलं, हा त्यावरून काढलेला निष्कर्ष. तो तपासता येतो आणि तपासल्यावर तो चुकीचा निघाला. पण मूर्तीसमोर उभं राहून कुणाला भरून आलं असेल, तर ती तिसरीच गोष्ट. त्यासाठी कुठला रंग टाकणार?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी 1902 सालीच याचा विचार केला होता. त्यांचं म्हणणं असं, की गूढ अनुभव ज्याला येतो त्याच्यासाठी तो प्रमाण असतो. मात्र ज्याला तो आलेला नाही, त्याने तो निमूट मान्य करावा असं बंधन नाही. वेगवेगळ्या धर्मांतल्या साधकांचे अनुभव एकसारखे वाटतात, म्हणजे सत्य सगळ्यांसाठी एकच, असं अनेक जण म्हणतात. हे साम्य दिसतं तेवढं पक्कं नाही, हेही जेम्स यांनीच कबूल केलं होतं.

महाराष्ट्रात हा वाद कायद्यापर्यंत गेला, आणि त्याची किंमतही मोठी होती. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला.

हा कायदा धर्माच्या विरोधात आहे, असा प्रचार बरीच वर्षं झाला. प्रत्यक्षात देव आहे की नाही, यावर त्यात अक्षरही नाही. यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, भजन, इतकंच काय, दिवंगत संतांच्या चमत्कारांच्या कथा सांगणंही त्यातून वगळलंय. गुन्हा आहे तो साप चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्र मारण्याचा. बोटांनी शस्त्रक्रिया करतो किंवा गर्भाचं लिंग बदलून देतो असं सांगण्याचाही. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं.

पण कुठल्याही बाबाने न सांगता, ‘मला आतून वाटलं’ म्हणून एखाद्याने स्वतःच बीपीच्या गोळ्या बंद केल्या तर? इथे कायद्याला पकडायला कुणीच सापडत नाही. तिथे घरच्यांनाच बोलावं लागतं. त्यांनी त्याच्या श्रद्धेवर वाद घालण्यापेक्षा बीपी मोजून घेतलेलं बरं.