इच्छापोरच्या वाटेवर

सुरतेहून हजिऱ्याकडे निघाले की रांदेर मागे पडते आणि पुढे इच्छापोर लागते. बडोद्याजवळच ‘पोर’ असल्यामुळे पोर म्हणजे पूर, हे आपल्याकडच्या मंडळींना सांगायला नको. पुण्या-साताऱ्याकडचा पाहुणा मात्र हे नाव ऐकून हसतोच. माझा भाचा हजिऱ्याच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. त्याच्याकडे गेलो की संध्याकाळी या बाजूला माझी फेरी होते.

कारखाने, मालमोटारी, हिरे-दागिन्यांची नवी वसाहत. जुने असे डोळ्यांना फारसे काही दिसत नाही. पण तापी तीच आहे. इ. स. १५३० मध्ये अंतोनियो द सिल्व्हेरा हा पोर्तुगीज सरदार आपले आरमार घेऊन याच नदीतून वर आला. पोर्तुगीजांचा गव्हर्नर नुनु द कुन्हा याला गुजरातच्या सुलतान बहादूरशहाकडून दीव हवे होते. ते मिळेना, म्हणून किनाऱ्यावरील बंदरांवर घाव घालणे चालले होते. सुरत लुटली गेली, जाळली गेली. मग पाळी आली समोरच्या तीरावरील रांदेरची.

रांदेर त्या काळी लहानसहान गाव नव्हते. त्या आधी काही वर्षे दुआर्ते बार्बोझा या पोर्तुगीजाने त्याचे वर्णन लिहून ठेवले आहे. तेथील मुसलमान व्यापाऱ्यांची गलबते मलाक्का, पेगू, बंगालपर्यंत जात. घरे पांढरीशुभ्र आणि नीटनेटकी. पुढच्या दालनात भिंतीभर फळ्या आणि त्यांवर चिनी मातीची उंची भांडी दुकानासारखी मांडलेली. हे वाचताना मला आमच्या जुन्या वाड्याचा दिवाणखाना आठवतो. आजीच्या चिनी बशा अशाच काचेच्या कपाटात असत, आणि आम्हा मुलांना त्यांना हात लावायची बंदी होती. जळालेले रांदेर म्हणजे केवळ एक बंदर नव्हे. अशी कितीतरी घरे.

तापीकाठी पोर्तुगीज राहिले नाहीत. जेथे राहिले तेथे मात्र पाय रोवून राहिले. वसई त्यांना १५३४ मध्ये मिळाली, ती चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये सोडवली. १५५९ मध्ये घेतलेले दमण तर १९६१ च्या डिसेंबरापर्यंत त्यांच्याकडे होते.

त्यांचे शेजारी स्पॅनिश तेव्हा जगाच्या दुसऱ्या टोकाला हेच करीत होते. १५४० च्या हिवाळ्यात कोरोनाडोची फौज सोन्याच्या शोधात उत्तर अमेरिकेतील रिओ ग्रांदे नदीकाठी पोचली. मुक्कामाला जागा हवी, म्हणून तेथल्या मूळ रहिवाशांना एक अख्खे गाव रिकामे करायला लावले. लोक नेसत्या वस्त्रांनिशी बाहेर पडले. पुढे थंडी वाढली तशी आसपासच्या गावांतून कपडे गोळा करण्याचा हुकूम सुटला. काहींना अंगावरचे पांघरूणही काढून द्यावे लागले. मग लढाई पेटली आणि गावेच्या गावे ओस पडली.

त्या लोकांजवळ तोफा नव्हत्या. गुजरातच्या सुलतानाजवळ होत्या. रांदेर जळाल्यावर दहा वर्षांनी, त्याच १५४० च्या सुमारास, सुरतेच्या किल्ल्याचे काम सुरू झाले. सुलतान तिसऱ्या महमूदच्या वतीने खुदावंदखानाने तो बांधला. नदीतून पुन्हा कोणी वर येऊ नये, एवढाच त्याचा हेतू. खुदावंदखान स्वतः १५४६ मध्ये दीवच्या वेढ्यात पडला. किल्ला अजून उभा आहे.

मागच्या खेपेस नदीकाठी रांदेरचे एक वृद्ध गृहस्थ भेटले. मी मोठ्या उत्साहाने त्यांना सिल्व्हेराची कथा ऐकवू लागलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “तमे वडोदराना मराठी ने?” मी हो म्हणालो. ते हसून म्हणाले, “तमे लोको पण आव्या हता ने!”

मी क्षणभर गप्प झालो. ‘सुरतेची लूट’ हा आपल्या शाळेतला केवढा आवडीचा धडा! १६६४ ची ती स्वारी मोगलांच्या श्रीमंत बंदरावर होती. तिच्या आधी तीन वर्षे शाएस्तेखान पुण्याच्या लाल महालात तळ देऊन बसला होता. महाराजांचा जमाखर्च मोगलांशी होता. हे सगळे मी त्यांना सांगितले, आणि आजही तसेच सांगेन. पण आपल्याच घरात परका येऊन बसल्याचे दुःख ज्याने लाल महालाच्या कथेतून ऐकले आहे, त्याला रांदेरच्या माणसाचे बोलणे कळायला हवे. लुटीच्या दिवशी दाराला कडी लावून आत बसलेल्या माणसाला बाहेरच्याचा हेतू कसा दिसणार?

म्हातारबुवांनी वाद घातला नाही. “चालो, चा पीवा,” म्हणून ते मला घरी घेऊन गेले. चहा चिनी मातीच्या कपातून आला. घर सुबक, पांढरे, पुढच्या दालनात एक लहानसे कपाट. पुढच्या सुट्टीत भाच्याच्या मुलाला तेथे न्यायचे मी ठरवले आहे. यंदा त्याला शाळेत सुरतेचा धडा आहे.