बैठक, मन आणि बुद्धी

(सिनेगॉगच्या सभागृहातील ध्वनिमुद्रित भाषणाचे शब्दांकन)



कोकणात आपले पूर्वज घाण्यावर तेल गाळीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. सहा दिवस श्रम आणि सातव्या दिवशी विश्रांती, असा तो क्रम होता. मीही दिमोना येथे कापडगिरणीत ३२ वर्षे उभ्याने काम केले. निवृत्तीनंतर मात्र माझे सातही दिवस खुर्चीत जाऊ लागले. सकाळी अर्धा तास फिरून आलो की दिवसाचे कर्तव्य संपले, अशी माझी समजूत होती. परंतु दुपार सरता सरता मन उदास होई, क्षुल्लक कारणावरून मी घरच्यांवर चिडे, वाचलेले पान पुन्हा वाचावे लागे. हा विस्मरणाचा आजार तर नव्हे, या भीतीने डॉक्टरांकडे गेलो. तपासणीत तसे काही निघाले नाही. त्यांनी एवढेच विचारले, “दिवसातून किती वेळा उठता?” मला उत्तर देता आले नाही.

या प्रश्नाचे मर्म एका प्रयोगावरून कळते. अमेरिकेतील कोलोरॅडो येथील संशोधकांनी २०१६ साली तो प्रसिद्ध केला. बैठे जीवन जगणाऱ्या ३० निरोगी प्रौढांना त्यांनी एके दिवशी सहा तास बसवून ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी एकदाच ३० मिनिटे चालवून मग बसवले. तिसऱ्या दिवशी दर तासाला ५ मिनिटे, असे सहा वेळा चालवले. नुसत्या बसण्याच्या तुलनेत दोन्ही प्रकारच्या चालण्याने उत्साह वाढला. परंतु मन प्रसन्न होणे, सायंकाळचा थकवा आणि खाण्याची हाव कमी होणे, हे लाभ वारंवार उठल्याने दिसले. विचारशक्तीच्या चाचण्यांत मात्र फरक पडला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

मेंदूविषयी दुसरा प्रयोग इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे झाला. कार्यालयात काम करणाऱ्या १५ जणांना चार तास सलग बसवले असता मेंदूकडील रक्तप्रवाह मंदावला. दर अर्ध्या तासाला २ मिनिटे चालल्यावर तो मंदावला नाही. दर दोन तासांनी ८ मिनिटे चालून मात्र तो टिकला नाही. एवढ्यावरून बुद्धी तल्लख होते असे सिद्ध होत नाही. पण एका दमात जास्त चालण्यापेक्षा पुन्हापुन्हा उठणे महत्त्वाचे, हे ध्यानी येते.

आपल्या तेफिलेत ‘अमिदा’ उभ्यानेच म्हणतात. त्या नावाचा अर्थच उभे राहणे. तोच परिपाठ घरी ठेवावा. शब्बाथला घड्याळाचा गजर नको. एक प्रकरण वाचून झाले की उठावे, ओसरीपर्यंत जाऊन यावे. ज्यांना चालवत नाही त्यांनी खुर्चीचा आधार घेऊन उभे राहावे. चक्कर येत असल्यास सावकाश उठावे. उदासी आठवडे टिकली तर मात्र डॉक्टरांना भेटावे. चालणे हा औषधाला पर्याय नव्हे.

शेवटी तरुणांना एक विनंती. “तुम्ही बसा, पाणी मी आणते,” असे आपण वडीलधाऱ्यांना प्रेमाने म्हणतो. ज्यांना उठणे शक्य आहे, त्यांना कधीतरी स्वतः उठू द्या. माझी मुलगी आता म्हणते, “पप्पा, मलाही एक पेला आणा.” त्या पेल्यासाठी मी आनंदाने उठतो.